चौक नव्याने आखताना लोकांना विचारून घेणारी सेवा : दीड वर्षाच्या अनुभवानंतरचा रिव्ह्यू

आमच्या घरासमोरचा चौक नव्याने आखायचं ठरलं तेव्हा त्यासोबत आणखी एक काम निघालं, ते म्हणजे लोकांशी बोलायचं, त्यांच्या सूचना घ्यायच्या आणि त्या आराखड्यापर्यंत पोचवायच्या. हे काम एका टीमला दिलं होतं. मी लिहितेय तो रिव्ह्यू चौकाचा नाहीये, त्या सेवेचा आहे. टीमचं नाव घालत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्यातल्या काही फक्त त्यांच्या एकट्यांच्या नाहीत. पण ही सेवा हल्ली बऱ्याच शहरांमध्ये घेतली जाते आणि घेणारे असोत नाहीतर भाग घेणारे असोत, यात नक्की काय मिळायला हवं याची कल्पना फार कमी जणांना असते, मला पण नव्हती.

आधी मार्क सांगून टाकते. पाचपैकी साडेतीन. आणि त्यातले दीड मार्क एकाच गोष्टीचे आहेत, ती म्हणजे आम्ही दिलेल्या प्रत्येक सूचनेचं पुढे काय झालं, घेतली की नाही घेतली आणि नाही तर का नाही, हे त्यांनी लिहून दिलं. तेवढं नसतं तर मी दोनच दिले असते, बाकीच्या बैठका कितीही छान झाल्या असत्या तरी. का ते सांगते, पण त्याआधी सुरुवात कशी झाली ते सांगायला हवं कारण सुरुवात वाईट झाली.

पहिली बैठक संध्याकाळी एका हॉलमध्ये. आत गेल्या गेल्या भिंतीवर तीन मोठी रंगीत चित्रं लावलेली. एकात मधोमध कारंजं, एकात मधोमध हिरवळ, एकात मधोमध स्टेज. आणि आम्हाला हातात गोल स्टिकर दिले की जे आवडेल त्यावर लावा. लोकांनी लावले. मी पण एक लावला, हिरवळीवर, आणि घरी येताना रस्ताभर मला काहीतरी खटकत राहिलं, कारण आमच्या चौकाची अडचण मध्ये काय ठेवायचं ही कधीच नव्हती, आईला काठी घेऊन एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाता येत नाही ही होती. तो प्रश्न तिन्ही चित्रांत नव्हता मग मी स्टिकर कशावर लावला?

नंतर मी याबद्दल वाचायला लागले. १९६९ मध्ये शेरी अर्नस्टाइन नावाच्या अमेरिकन बाईंनी लोकसहभागाची एक शिडी मांडली होती, ८ पायऱ्यांची. सगळ्यात खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचं फक्त नाव असतं, लोकांना हाताळून घेतलेलं असतं किंवा त्यांची समजूत घातलेली असते. मधल्या तीन पायऱ्यांवर माहिती देतात, मत विचारतात, थोडंफार ऐकल्यासारखं करतात पण निर्णय तिकडेच असतो. वरच्या तीनवर खरी भागीदारी सुरू होते, निर्णयाचा काही भाग लोकांच्या हातात येतो. पन्नास वर्षांहून जुनी मांडणी आहे पण ती वाचल्यावर मला त्या स्टिकरांचं काय खटकलं ते कळलं. मत विचारलं होतं, पण प्रश्न त्यांनी ठरवलेला होता.

आणखी एक वाक्य मला फार उपयोगी पडलं. १९९८ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला, पर्यावरणाबद्दलच्या निर्णयांमध्ये लोकांना माहिती मिळावी आणि सहभाग मिळावा यासाठी. त्यात लिहिलंय की लोकांना लवकर सामील करून घ्यायचं, सगळे पर्याय अजून खुले असतानाच. दुसऱ्या बैठकीत मी उठून हेच विचारलं, की आत्ता, आज, कुठले पर्याय खुले आहेत आणि कुठले आधीच बंद झालेत ते सांगा. हॉलमध्ये जरा शांतता झाली. टीममधल्या एका मुलीने खरं उत्तर दिलं आणि त्यासाठी तिचे आभार, ती म्हणाली की चौकाची हद्द बदलणार नाही, जमिनीखालच्या मोठ्या पाइपलाइन हलणार नाहीत, गाड्यांचा एक रस्ता चालूच राहणार, बाकी सगळं अजून खुलं आहे आणि ती तीन चित्रं आम्ही आणायलाच नको होती. पुढच्या वेळी चित्रं नव्हती. नुसता चौकाचा मोठा नकाशा होता, कोरा, आणि त्यावर जे हलणार नाही तेवढं लाल रंगाने दाखवलेलं. मला विचाराल तर प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी हाच नकाशा लावायला पाहिजे.

त्यानंतर जे झालं ते मात्र खरंच चांगलं झालं आणि ते हॉलमध्ये नाही, चौकात झालं.

त्यांनी आम्हाला पाहायला बसवलं. म्हणजे अक्षरशः बसवलं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री, दोघादोघांच्या जोड्या करून, हातात नकाशाची प्रत आणि पेन्सिल, आणि सांगितलं की कोण कुठे थांबतंय ते टिंब करून दाखवा आणि कोण कुठून चालतंय ती रेघ ओढा. मला वाटलं होतं यात काय कळणार, मी तर रोज खिडकीतून बघते. पण रोज बघणं आणि मोजायला बसणं यात फार फरक आहे. मला खात्री होती की माणसं झाडाखाली थांबतात. नाही थांबत. झाडाखाली गाड्या लावलेल्या असतात. माणसं थांबतात ती बंद पडलेल्या एका दुकानाच्या पायरीवर, कारण अख्ख्या चौकात टेकायला तेवढी एकच जागा आहे. आणि दोन ओळखीची माणसं भेटली की ती बाजूला सरकून बोलत नाहीत, ऐन वर्दळीत, कोपऱ्यावर, सगळ्यांच्या वाटेतच उभी राहतात. मी हे टीममधल्या त्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली की विल्यम व्हाइट या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून तासन् तास माणसं पाहिली होती आणि त्यांनाही हेच दिसलं होतं, की लोक गप्पा मारायला वर्दळीच्या मधोमध थांबतात, आणि बसतात कुठे तर जिथे बसायला जागा आहे तिथे. दुसरं वाक्य ऐकायला किती साधं वाटतं पण त्या पायरीवर दाटीवाटीने बसलेली माणसं पाहिल्यावर मला ते कायमचं पटलं.

आईला घेऊन एकदा चौक ओलांडायची फेरी केली. टीममधला एक जण आमच्या मागून घड्याळ लावून चालत होता, काही न बोलता. तरुण माणूस जे अंतर मिनिटभरात जातो त्याला आम्हाला किती वेळ लागला, आई कुठे कुठे थांबली, कशाला हात धरला, कुठे मागे वळली ते सगळं त्याने नकाशावर मांडलं. आई चार वेळा थांबली आणि चारही ठिकाणी टेकायला काही नव्हतं. पुढे आराखड्यात बाक कुठे यावेत ते या चार टिंबांवरून ठरलं, म्हणजे तिच्यासारख्या इतर अनेकांची टिंबं पण होती, पण त्यात तिची होती, आणि आज त्यातल्या एका बाकावर ती रोज बसते तेव्हा ती कोणालाही सांगते की हा माझा बाक आहे.

त्याच फेरीत एक अंध गृहस्थ आले होते, त्यांच्यामुळे मला फुटपाथवरच्या पिवळ्या उंचवट्यांचा अर्थ कळला. इतकी वर्षं मी त्यावरून चालतेय, मला ती सजावट वाटायची. लांब पट्ट्या असल्या की पुढे चालत राहा, गोल टिपके आले की थांब, पुढे काहीतरी आहे. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी हे ठोकळे तयार केले आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात ते पहिल्यांदा बसवले गेले, तिथून जगभर पसरले. आमच्या चौकात ती पट्टी सरळ एका चेंबरच्या झाकणावर जाऊन संपत होती. ना टिपके, ना वळण. काका म्हणाले (मी त्यांना काकाच म्हणते आता) की चुकीची पट्टी ही पट्टी नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर मी विश्वास ठेवतो. हे वाक्य टीमने जसंच्या तसं अहवालात घातलं आणि आराखडा काढणाऱ्या इंजिनियरसमोर वाचलं. याला मी सेवा म्हणते. हे इंजिनियरला ऑफिसात बसून कधीच सुचलं नसतं आणि त्यात त्याचा दोष पण नाही.

मुलांचा वर्कशॉप. माझा मुलगा तेरा वर्षांचा, त्याला बैठकीत रस नव्हता पण माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या कॉम्प्युटर गेममध्ये चौक बांधायचा म्हटल्यावर तो दोन तास आधी तयार. ही पद्धत त्यांनी स्वतः काढलेली नाही, २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट ही संस्था आणि माइनक्राफ्ट बनवणारी मोजांग कंपनी ब्लॉक बाय ब्लॉक नावाने हे बऱ्याच देशांमध्ये करत आलेत. फायदा खरा आहे. जी मुलं मोठ्यांसमोर तोंड उघडत नाहीत ती स्क्रीनवर भराभर दाखवतात, इथे अंधार असतो, इथे आम्हाला हाकलतात. पण एक मर्यादा मला तिथेच दिसली आणि मी ती बोलले पण. या गेममध्ये एक ठोकळा म्हणजे एक मीटर. फुटपाथची दहा-बारा सेंटिमीटरची पायरी त्यात दिसतच नाही. आणि आईसाठी अख्ख्या चौकातली सगळ्यात मोठी अडचण तीच पायरी होती. त्यामुळे मुलांसाठी, मोठी मांडणी कशी असावी यासाठी उत्तम, पण यावरच आराखडा उभा करू नका. टीमला हे माहीत होतं असं ते म्हणाले, तरी प्रदर्शनात मात्र तेच मॉडेल सगळ्यात पुढे ठेवलं होतं कारण फोटो छान येतात. हे मला आवडलं नाही.

मुलींचा गट वेगळा बसवला होता त्याबद्दल सुरुवातीला काही पालक कुरकुरले की मुलं-मुली वेगळे कशाला. मग टीमने व्हिएन्नाचं सांगितलं. तिथे १९९० च्या दशकात पाहणी झाली तेव्हा लक्षात आलं की साधारण ९ वर्षांच्या पुढे मुली बागांमध्ये यायच्याच कमी होतात, मुलगे येत राहतात, कारण मोठी मोकळी जागा एक गट खेळायला लागला की अख्खी त्यांचीच होते. मग १९९९ मध्ये दोन बागा बदलल्या, मोकळ्या जागेचे लहान भाग केले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल बॅडमिंटनसाठी जागा दिली, आणि मुली परत आल्या. आमच्याकडे मुलींनी जे सांगितलं ते मी लिहून ठेवलंय. एक म्हणाली बसायची जागा भिंतीला पाठ लागेल अशी हवी. दुसरी म्हणाली बाहेर पडायला दोन वाटा हव्यात, एकच नको. मी पंचेचाळीस वर्षांची बाई आहे, मी आयुष्यभर सार्वजनिक जागी हेच बघून बसत आलेय आणि कधी शब्दांत सांगितलं नव्हतं. एकत्र गटात बसवलं असतं तर त्या हे बोलल्या नसत्या.

ऑनलाइन मतदानाबद्दल थोडक्यातच लिहिते कारण तिथे मला फार काही मिळालं नाही. माद्रिदचं उदाहरण सगळेच देतात, तिथला प्लाझा दे एस्पान्या हा मोठा चौक बदलायच्या आधी लोकांना काय हवंय याची प्रश्नावली भरून घेतली, त्या उत्तरांवरून स्पर्धेच्या अटी ठरवल्या, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत शेवटच्या दोन आराखड्यांमधून एक लोकांच्या मतांनी निवडला. चौक खुला झाला २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये. यातली महत्त्वाची गोष्ट शेवटचं मतदान नाही, आधीची प्रश्नावली आहे, असं माझं मत झालंय. आमच्याकडे मतदान घेतलं पण प्रश्न होता दिव्यांचे खांब कुठले आवडतात. खांब कुठलेही चालले असते. उजेड कुठे पडतो ते विचारायला पाहिजे होतं.

आता ट्रायल. याबद्दल मी कितीही लिहू शकते.

बांधकामाच्या आधी सहा आठवडे चौक तात्पुरता बदलला. काही तोडलं नाही. रस्त्यावर रंगाने आखलं, ट्रॅफिकचे कोन ठेवले, मोठ्या कुंड्या ठेवून गाड्यांची एक बाजू बंद केली, आणि शंभरेक हलक्या खुर्च्या नुसत्या आणून ठेवल्या, कशालाही न बांधता. पहिल्या आठवड्यात मला वाटलं सगळं फसणार. गाडीवाले हॉर्न वाजवत कुंड्यांपर्यंत येऊन परत वळायचे, दुकानदार खूप चिडले होते, त्यांचं म्हणणं गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न होता तो, त्यांना कोणी मूर्खात काढू नये. टीमने इथे एक शहाणपणा केला. वाद घातला नाही. प्रत्येक दुकानदाराला सांगितलं की तुम्ही रोजचं तुमच्या पद्धतीने लिहून ठेवा, माल कधी येतो, गाडी किती वेळ थांबते, गिऱ्हाईक चालत येतं की गाडीने, सहा आठवड्यांनी आपण तेच कागद समोर ठेवून बोलू. आणि माल उतरवायला सकाळी दहापर्यंत कुंड्या सरकवायची परवानगी तिसऱ्याच दिवशी देऊन टाकली, त्यासाठी समितीची वाट पाहिली नाही.

अशी ट्रायल काही नवी कल्पना नाहीये. न्यूयॉर्कमध्ये २००९ च्या मे महिन्यात टाइम्स स्क्वेअरजवळचा ब्रॉडवे रस्ता गाड्यांना बंद केला तेव्हाही सुरुवातीला पिंपं आणि साध्या घडीच्या खुर्च्याच ठेवल्या होत्या, पुढच्या वर्षी ते कायम करायचं जाहीर झालं आणि फरशीचं पक्कं काम त्यानंतर कितीतरी वर्षांनी पूर्ण झालं. त्याच्याही आधी, १९५८ मध्ये, त्याच शहरातल्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमधून जाणारा रस्ता रहिवाशांच्या आंदोलनामुळे प्रयोग म्हणून बंद केला गेला, आजूबाजूला प्रचंड कोंडी होईल असं सांगितलं जात होतं, ती झाली नाही, आणि रस्ता कायमचा बंद झाला. म्हणजे माणसांना कागदावर पटत नाही ते पायाखाली आल्यावर पटतं, किंवा नाही पटलं तर तेही खरंखुरं कळतं. आमच्याकडे दोन्ही झालं. खुर्च्यांची जागा आम्ही नकाशावर जिथे धरली होती तिथे दुपारी कोणी बसलंच नाही, ऊन. लोकांनी खुर्च्या उचलून इमारतीच्या सावलीत नेल्या, आणि सावली सरकेल तशा खुर्च्या सरकत गेल्या. टीममधला एक जण दर तासाला फोटो काढायचा, ते फोटो एकापाठोपाठ लावून दाखवले तेव्हा अख्खा हॉल बघत राहिला, त्या खुर्च्यांनी स्वतःच आराखडा काढून दिला होता. आता पक्के बाक त्या सावलीच्या पट्ट्यात आहेत. नकाशावरच्या जागी बांधले असते तर पुढची तीस वर्षं ते दुपारभर रिकामे राहिले असते.

दुकानदारांपैकी सगळे खूश झाले असं मी म्हणणार नाही. दोघं अजूनही विरोधात आहेत आणि एकाचं कारण मला रास्त वाटतं, त्याच्याकडे जड सामान असतं, ते कोणी हातात घेऊन जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी एक थांबा ठेवला पण तो त्याच्या दारापासून लांब आहे.

आणि आता ती मुख्य गोष्ट. ट्रायलनंतर एक लांबलचक तक्ता चौकातच बोर्डावर लावला, आणि ज्यांनी नाव दिलं होतं त्यांना घरी पण दिला. पहिल्या रकान्यात लोकांची सूचना, त्यांच्याच शब्दांत. दुसऱ्यात घेतली, अर्धी घेतली, नाही घेतली. तिसऱ्यात कारण. कारण म्हणजे तांत्रिक अडचण असं दोन शब्दांत नाही. मधोमध कारंजं नको का, तर पंप आणि पाणी रोज बघायला माणूस नेमलेला नाही आणि बंद कारंज्यात पाणी साचून डास होतात. भुयारी मार्ग नको का, तर खाली मोठी पाइपलाइन आहे आणि ज्यांच्यासाठी मागितला त्या वयस्कर लोकांनाच जिने उतरता येत नाहीत. स्वच्छतागृह घेतलं पण सुचवलेल्या कोपऱ्यात नाही, कारण मैलापाण्याच्या नळाला उतार मिळायला हवा आणि त्या कोपऱ्यात मुख्य वाहिनीच वरच्या पातळीला आहे. उंच खांबावरचे दिवे नको का, तर झाडांच्या फांद्यांच्या वर दिवा गेला की खाली सावलीच पडते, म्हणून खांब कमी उंचीचे आणि जास्त.

माझी स्वतःची सूचना होती की बसथांबा आमच्या बाजूच्या कोपऱ्याजवळ आणा म्हणजे आईला कमी चालावं लागेल. नाही घेतली. कारण लिहिलं होतं की कोपऱ्यालगत बस फुटपाथला समांतर लागू शकत नाही, तिला आधी सरळ अंतर लागतं, आणि बस तिरकी उभी राहिली की दार आणि फुटपाथ यात फट पडते, मग व्हीलचेअरवाल्याला आणि काठीवाल्याला चढता येत नाही. मी ते वाचलं आणि आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, बरोबर आहे त्यांचं, बस लांब राहिली की मलाच पाय टाकवत नाही. मला नाही म्हटलेलं होतं आणि तरी मला राग आला नाही, उलट पुढच्या बैठकीला मी गेले. आधीच्या कितीतरी हरकती-सूचनांच्या कागदांवर मी आयुष्यात सह्या केल्यात, एकाचंही उत्तर आलं नव्हतं, आणि त्यामुळे हळूहळू लिहिणंच सोडलं होतं. लोक उदासीन आहेत, लोक बैठकांना येत नाहीत असं जे म्हणतात त्यांनी आधी मागच्या वेळी आलेल्यांना उत्तर दिलं होतं का ते तपासावं. कारण लिहायला बसलं की टीमला आणि इंजिनियरला पण खरंच कारण आहे का ते तपासावं लागतं हा दुसरा फायदा, आमच्या तक्त्यात चार सूचना आधी नाही मध्ये होत्या आणि कारण लिहायची वेळ आल्यावर हो मध्ये गेल्या. हे त्यांनी स्वतः सांगितलं, लपवलं नाही.

आता दीड मार्क का कापले.

फेरीवाल्यांना नीट विचारलं नाही. बैठका संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या ऐन वेळेला. चौक सगळ्यात जास्त तास वापरणारी माणसं तीच, पहाटे कोण येतं, पाणी कुठे तुंबतं, रात्री कुठे भीती वाटते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही, आणि त्यांच्यापर्यंत टीम पोचली ती ट्रायलच्या चौथ्या आठवड्यात, ते पण आमच्यातल्या काही जणींनी मागे लागून. तोपर्यंत मांडणी बरीचशी ठरली होती. त्यांच्यासाठीची जागा शेवटी मिळाली पण उरलेल्या जागेत बसवल्यासारखी. सफाई कामगारांना तर कोणीच विचारलं नाही, आणि आता नव्या कुंड्यांच्या फटीत झाडू जात नाही. हे कोणीही त्यांना एकदा विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

दुसरं म्हणजे कागदांची भाषा. तक्ता सोपा होता पण आराखड्याचे कागद वाचता येत नव्हते. नकाशात वर-खाली काय आहे, पातळी कुठे बदलते हे सामान्य माणसाला आकड्यांवरून समजत नाही. मी दोनदा मागितल्यावर त्यांनी पुठ्ठ्याचं मॉडेल केलं आणि मग अंध काकांनी हात फिरवून पाच मिनिटांत दोन चुका काढल्या ज्या कागदावर आम्हा डोळसांपैकी कोणाला दिसल्या नव्हत्या. मॉडेल पहिल्यापासून हवं.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी आणि ती टीमच्या माणसांवर कमी, त्यांना काम देणाऱ्यांवर जास्त आहे. या सेवेचा करार आराखडा मंजूर होईपर्यंतच होता. बांधकाम सुरू झालं आणि टीम निघून गेली. आणि बांधकामात गोष्टी बदलतात. खोदल्यावर एक जुना चेंबर अपेक्षेपेक्षा वर निघाला, त्यामुळे फरशीची पातळी वर घ्यावी लागली, त्यामुळे त्या कोपऱ्यातला उतार जास्त चढा झाला. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी १ ला १२ हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी वापरतात, म्हणजे एक हात चढायचं तर बारा हात लांबी लागते. मंजूर आराखड्यात ते होतं. जागेवर लांबी तेवढीच राहिली आणि चढ वाढला. ठेकेदाराच्या माणसाला यात काही गैर वाटलं नाही, त्याला आईची चार टिंबं कोणी दाखवली नव्हती. आम्ही गेलो तेव्हा काँक्रीट सुकलं होतं. दीड वर्ष बोलून जे मिळवलं त्यातला एक कोपरा एका दुपारी गेला. जर टीमचं एक माणूस आठवड्यातून एकदा जरी साइटवर येत असतं तर हे ओतण्याआधी थांबलं असतं.

म्हणून तुमच्याकडे असं काही सुरू होत असेल आणि अशी सेवा घेणार असतील तर पहिल्याच दिवशी विचारा की तुमचं काम कधी संपतं. आराखडा मंजूर झाल्यावर असं उत्तर आलं तर तिथेच हरकत लिहून द्या. निदान बांधकाम संपेपर्यंत आणि चौक वापरात आल्यावर एकदा, सहा-आठ महिन्यांनी, परत येऊन मोजणी करायला हवी, त्याच जोड्या, तीच पेन्सिल, तोच नकाशा. आणि नाही म्हटलेल्या सूचनांची कारणं लेखी मिळणार का हे पण विचारा. बाकी स्टिकर, ॲप, गेम काय असेल ते असू दे.

त्या कोपऱ्याचं पुढे काय झालं ते लिहिते कारण काही जण विचारतील. आम्ही तोच तक्ता घेऊन गेलो, त्यात रॅम्पच्या सूचनेपुढे घेतली असं छापलेलं होतं, सही शिक्क्यासकट. तोंडी बोललेलं असतं तर काही उरलं नसतं. तो कागद समोर ठेवल्यावर रॅम्प फोडून लांब करायचं मान्य झालंय, एक कुंडी हलवावी लागेल तेवढंच. काम अजून सुरू व्हायचंय. तोपर्यंत आई पलीकडच्या उतारावरून जाते, थोडं लांब पडतं, पण वाटेत तिचा बाक लागतो.